लिनश्याच्या मुसलमानाने आणखी काय करायला हवे होते?

मुसलमानांनी मुख्य प्रवाहात यावे, हा सल्ला मराठी मुसलमानाला जन्मापासून फुकट मिळतो. शाळेत मिळतो, व्याख्यानमालेत मिळतो, भाड्याने घर मागायला गेल्यावर नकाराच्या जोडीला मिळतो. सल्ल्याचा तपशीलही ठरलेला असतो. इथली भाषा बोला, इथला पेहराव करा, नावे इथली ठेवा, मशिदी इथल्या मातीतल्या वाटतील अशा बांधा, आणि अरबस्तानाकडे बघणे सोडून द्या. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून, आणि त्याच्याही आधीपासून, आपले लेखक या सल्ल्याला एक उत्तर देत आले आहेत. आम्ही प्रवाहाबाहेर होतो कधी? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो कोणत्या भाषेत? आमच्यातले पाटील, देशमुख, इनामदार कुठून आले? हे उत्तर खरे आहे. तरी ते मला अलीकडे अपुरे वाटू लागले आहे, कारण ते देताना आपण सल्ला देणाऱ्याची अट निमूट मान्य करून टाकतो. भाषेचा, पेहरावाचा, आडनावांचा पुरावा पुढे ठेवला की खटला निकाली निघेल, असे आपण धरून चालतो.

हा सगळा पुरावा ज्यांनी काही शतकांपूर्वीच दाखल करून ठेवला आहे, अशा मुसलमानांचे एक शहर जगात आहे. त्याचे नाव लिनश्या. ते चीनमध्ये आहे, आणि तिथले रोजचे जगणे कसे आहे हे मराठी वाचकाने नीट समजून घ्यावे असे मला वाटते.

वायव्य चीनच्या कान्सू प्रांतात, लान्झोऊ या प्रांतिक राजधानीपासून शे-दीडशे किलोमीटरवर, ताश्या नदीच्या काठी हे शहर वसले आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १९०० मीटर. जुने नाव हेझोऊ, आणि जुनी माणसे अजून तेच वापरतात. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास भरली. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला महानगरपालिका मिळते. चीनमध्ये ते तालुक्याच्या ठिकाणात जमा. शहरात निम्म्याच्या आसपास हुई मुसलमान, बाकी बहुतेक हान चिनी. १९५६ पासून हे शहर लिनश्या हुई स्वायत्त विभागाचे मुख्यालय आहे. या विभागाचा प्रशासनप्रमुख हुई असला पाहिजे, असे चीनची राज्यघटना सांगते. कम्युनिस्ट पक्षाच्या सचिवाला मात्र ही अट लागू नाही, आणि त्या दोघांत कोणाचा शब्द चालतो हे सांगायला नको. चिनी लोक लिनश्याला 'छोटी मक्का' म्हणतात. पूर्वी हे कौतुकाने म्हटले जाई, पर्यटनाच्या माहितीपत्रकातही छापले जाई.

हुई कोण, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. चीनचे मुसलमान म्हटले की आपल्याला शिनजियांगचे उइगूर आठवतात. त्यांची भाषा तुर्की कुळातली, चेहरेपट्टी वेगळी, प्रदेश वेगळा. हुईंचे तसे नाही. अरब, इराणी, मध्य आशियाई व्यापारी आणि सैनिक शतकानुशतके चीनमध्ये येत राहिले, स्थानिक घरांशी सोयरिकी झाल्या, आणि मिंग राजवटीच्या काळात, म्हणजे १३६८ ते १६४४ या दरम्यान, त्यांची घरची भाषा चिनी झाली. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या १ कोटी १४ लाखांच्या आसपास होती. टोपी काढून ठेवली तर हुई आणि त्याचा हान शेजारी यांत फरक करणे बाहेरच्या माणसाला जमत नाही. आडनावेही चिनीच. सगळ्यांत जास्त आढळते ते 'मा'. दहा हुईंमध्ये नऊ मा, अशी तिकडे म्हणच आहे. महंमद या नावाचे पहिले अक्षर त्यात आले, आणि चिनी लिपीत त्याचा अर्थ घोडा. घरात आणि मशिदीत वापरायला युसूफ, इब्राहिम, फातिमा अशी दुसरी नावे असतात. शाळेच्या दाखल्यावर चिनी नाव.

आता दिनक्रम. सगळ्या चीनला बीजिंगचे एकच घड्याळ आहे, मग गाव कितीही पश्चिमेला असो. त्यामुळे लिनश्यात थंडीत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो, आणि जूनमध्ये रोजे आले तर इफ्तार साडेआठच्या सुमारास. माणसे घड्याळ बीजिंगचे लावतात आणि नमाज सूर्यावर पढतात. त्या नमाजांची नावे ऐकली की आपल्याला हसू फुटेल आणि पाठोपाठ अंगावर रोमांच येतील. फजर म्हणजे 'बांगदा', मूळ फारसी बामदाद. जोहर म्हणजे 'पिएशन', मूळ पेशीन. असर 'दिगाइर', मगरिब 'शामू', इशा 'हूफूतान'. नमाजला ते 'नायमाजी' म्हणतात, मित्राला 'दुओस्ती', मौलवीला 'आहोंग', जो मुळात फारसी आखुंद. आणि अल्लाला 'हुदा'. आपल्या आजीच्या तोंडी जो खुदा होता, तोच हा. आपल्याकडे गेली काही वर्षे 'खुदा हाफिज' म्हणणाऱ्याला दुरुस्त करून 'अल्लाह हाफिज' म्हणायला लावणारे निघाले आहेत. त्यांनी लिनश्याच्या एखाद्या म्हाताऱ्याला दुरुस्त करायला जावे, मजा येईल.

हे फारसी शब्द चिनी वाक्यात चिनी व्याकरणाने बसलेले असतात. वाक्य सगळे चिनी, एखाददुसरा शब्द मशिदीतला. आपल्या घरातली मराठी यापेक्षा वेगळी असते का? आणि एक गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. मशिदीत शिकलेल्या पण चिनी चित्रलिपी न आलेल्या हुई माणसांनी अरबी अक्षरांत चिनी भाषा लिहायला सुरुवात केली. या लेखनाला 'श्याओचिंग' म्हणतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायका त्यात पत्रे लिहीत, हिशेब ठेवीत, धार्मिक टिपणे काढीत. लिपी अरबी आणि भाषा चिनी, असे हे लेखन. अरबी लिपी म्हणजे परकी निष्ठा, असे मानणाऱ्यांच्या डोक्यात हा प्रकार बसणे कठीण आहे. श्याओचिंग लिहिणारी बाई त्या अक्षरांत आपली माहेरची भाषा लिहीत होती.

सकाळी नाश्त्याला बहुतेक माणसे शेवयांचा वाडगा घेतात. जाड-पातळ जशी हवी तशी शेवई दुकानदार पिठाचा गोळा हाताने ओढून ओढून समोर काढून देतो. त्यावर बैलाच्या मांसाचा नितळ रस्सा, पांढऱ्या मुळ्याच्या चकत्या, लाल मिरचीचे तेल, वर हिरवी कोथिंबीर. लान्झोऊत मा बाओत्सी नावाच्या हुई माणसाने १९१५ च्या सुमारास हा पदार्थ प्रसिद्ध केला असे सांगतात. आज चीनच्या प्रत्येक शहरात तो मिळतो, आणि तो विकणारा पुष्कळदा कान्सू किंवा छिंगहाय प्रांताचा मुसलमान असतो. दुपारी उकडलेले मटण, हाडासकट, वजनावर विकलेले, कच्च्या लसणाबरोबर हाताने खायचे. त्याचे चिनी नावच 'हाताने धरलेले मटण'. चॉपस्टिकच्या देशात हाताने जेवणारी माणसे आहेत, एवढ्यानेच आपल्याला जवळीक वाटते. मग चहा. झाकण, पेला आणि बशी अशा तीन भागांच्या भांड्यात चहापत्ती, खडीसाखर, खजुरासारखी सुकी लाल बोरे, लोंगान हे फळ, आणखी दोनचार सुके जिन्नस. पाणी ओतत राहायचे, झाकणाने पाने बाजूला सारायची आणि गप्पा मारायच्या. ईदला आणि घरात कोणी वारले तर तेलात तळलेली जाड गोल रोटी करतात, शेजारीपाजारी वाटतात. शेवेच्या वेटोळ्यांसारखा एक तळलेला पदार्थही ईदला घरोघर होतो. बऱ्याच मुसलमान खानावळींत दारू मिळत नाही, आणि हान गिऱ्हाइकही त्याबद्दल कुरकुर न करता जेवून जाते. डुक्कर न खाणे हा चीनमध्ये आपल्याकडे वाटतो त्यापेक्षा फार मोठा वेगळेपणा आहे, कारण तिथे मांस या शब्दाचा साधा अर्थच डुकराचे मांस असा होतो.

पुरुषांच्या डोक्यावर पांढरी टोपी. बायकांच्या डोक्यावर ओढणीसारखे शिरोवस्त्र. जुन्या रिवाजाने तरुण मुलीचे हिरवे, मध्यमवयीन बाईचे काळे, म्हातारीचे पांढरे. रस्त्यावर नुसत्या रंगावरून बाईचे वय सांगता येई. हे इस्लामने सांगितलेले नाही, हे हेझोऊचे आहे.

जुन्या मुसलमान वस्तीचे नाव बाफांग, म्हणजे आठ मोहल्ले. प्रत्येक मोहल्ला एकेका मशिदीभोवती वसलेला. बोळ अरुंद, घरांना मधोमध चौक, आणि भिंतींवर विटांचे कोरीवकाम. हे कोरीवकाम लिनश्याची ओळख आहे. २००६ साली चीन सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाच्या पहिल्या यादीत घातले. हुई कारागीर माणसे-प्राणी टाळून वेली, द्राक्षाचे घोस आणि पिओनीची फुले कोरतात. पिओनी हे चीनचे लाडके फूल, आणि लिनश्याच्या अंगणाअंगणात ते लावलेले असते. आज या बोळांची डागडुजी होऊन तिथे पर्यटन चालते. तिकडची लोकगीते 'हुआअर' म्हणून ओळखली जातात. युनेस्कोने २००९ साली ती आपल्या यादीत घेतली. हुई, हान, तिबेटी, तोंगश्यांग, सालार असे सगळे ती गातात, आणि आपापली घरची भाषा काहीही असो, गातात बहुधा चिनीतच. विषय प्रेमाचा, त्यामुळे घरात वडीलधाऱ्यांसमोर गायची नाहीत, डोंगरावर गायची.

आणि दर्गे. तिकडे त्यांना 'गोंगबेई' म्हणतात, अरबी कुब्बा या शब्दावरून. कादिरी सिलसिल्याचे पीर छी चिंगयी १७१९ साली वारले. त्यांचा 'मोठा गोंगबेई' लिनश्यात आहे. कबरीवर आठकोनी, मजल्यामजल्यांचे, वर वळलेल्या कोपऱ्यांचे छप्पर. दुरून पाहणाऱ्याला ते बौद्ध देऊळ वाटावे. या गादीचे वारस लग्न करीत नाहीत, हे तर आपल्या पीरजाद्यांना सांगूनही पटणार नाही. मोठ्याने जिक्र करायचे की मनातल्या मनात, यावरून अठराव्या शतकात तिथल्या दोन नक्शबंदी गटांत रक्त सांडले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजहून परतलेल्या मा वानफू यांनी कबरपूजेविरुद्ध मोहीम उघडली. म्हणजे दर्गेवाले आणि दर्गे न मानणारे यांची भांडणे तिथेही आहेतच. आपण एकाच आईची लेकरे आहोत याला याहून पक्का पुरावा कोणता हवा!

शहराचे पोट व्यापारावर आहे. एका बाजूला शेती, दुसऱ्या बाजूला तिबेटी पठार, आणि लिनश्या बरोबर मध्ये. तिबेटी लोकांना चहा आणि कापड द्यायचे, त्यांच्याकडून लोकर, कातडी, गुरे घ्यायची, हा हुईंचा शेकडो वर्षांचा धंदा. पूर्वेला वेनझोऊ आणि पश्चिमेला हेझोऊ, अशी व्यापाऱ्यांच्या गावांबद्दलची म्हण १९८० नंतर चीनभर झाली. त्याच काळात लिनश्यात चिनी आणि अरबी दोन्ही शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, मुलींच्याही. या भागातल्या अशा शाळांतून शिकलेली मुले-मुली चच्यांग प्रांतातल्या यिवूला जाऊन अरब व्यापाऱ्यांचे दुभाषे झाले. यिवू म्हणजे किरकोळ मालाची जगातली सर्वांत मोठी घाऊक बाजारपेठ. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात जो बारीकसारीक चिनी माल विकला जातो, त्यातला पुष्कळ तिथूनच येतो. तो आणायला जाणारा आपला व्यापारी जिथे हलाल जेवतो, ती खानावळ बहुधा एखाद्या हुई कुटुंबाची असते. मदरशातले अरबी पोटाला उपयोगी पडले आणि चीनच्या निर्यातीलाही. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

लिनश्या स्वर्ग आहे असे मला भासवायचे नाही. लगतच्या तोंगश्यांग तालुक्यातल्या कोरड्या डोंगरांत दारिद्र्य इतके होते की सरकारी यादीतून त्याचे नाव २०२० मध्ये निघाले. पक्षाच्या राजवटीनेच तिथे रस्ते, नळ आणि घरे दिली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. मुलींना शाळेतून लवकर काढून लग्न लावून देण्याची रीत जुनी, आणि त्याला धर्माचा आधार देणारे आहोंगही होते. १८ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्री याच विभागातल्या जीशीशान तालुक्यात भूकंप झाला. दीडशे माणसे दगावली. इतिहासही साधा नाही. १८६२ नंतरच्या बंडात हा सगळा मुलूख होरपळला. १९२८ साली बाफांगची वस्ती सैन्याने जाळली. १९५८ पासून मशिदी बंद पडत गेल्या, सांस्कृतिक क्रांतीत उरल्यासुरल्या गेल्या, आणि १९७८ नंतर लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. वर्गणी काढून, स्वतः विटा वाहून.

इथवरचे वाचून आपल्याकडचा सल्लागार खूश व्हायला हवा. भाषा चिनी, नाव चिनी, फूल चिनी, दर्ग्याचे छप्पर चिनी, गाणे चिनी. आणखी काय हवे? तर २०१५ साली शी चिनफिंग यांनी जाहीर केले की धर्मांचे 'चिनीकरण' झाले पाहिजे. फेब्रुवारी २०१८ मध्ये धर्मविषयक नवे नियम लागू झाले. जानेवारी २०१९ मध्ये इस्लामच्या चिनीकरणाची पाच वर्षांची योजना सरकारमान्य इस्लामी संघटनेनेच मांडली. जी माणसे पाचशे वर्षे चिनी बोलत आहेत त्यांचे चिनीकरण!

ते कसे दिसते? २०१८ च्या उन्हाळ्यात एएफपी वृत्तसंस्थेने लिनश्यातून बातमी दिली. सोळा वर्षांखालच्या मुलांना मशिदीत धर्म शिकायला जाता येत नाही. पूर्वी सुट्टीत पोरांनी भरून जाणाऱ्या मशिदी ओस पडल्या. मोठ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. शेजारच्या एका तालुक्यातल्या सगळ्या, म्हणजे ३५५ मशिदींचे भोंगे 'ध्वनिप्रदूषण' म्हणून उतरवले. या शब्दाशी महाराष्ट्राची ओळख २०२२ साली नव्याने झाली आहेच. मशिदींवर राष्ट्रध्वज चढले, अरबी पाट्या उतरल्या. मग घुमट. लिनश्या आणि आसपासच्या मशिदींचे घुमट एकामागून एक काढून तिथे चिनी छपरे बसवली गेली. निंगश्यातल्या वेईझोऊ गावात ऑगस्ट २०१८ मध्ये हजारो माणसांनी मशिदीत ठाण मांडले. थोडा वेळ मिळाला, मग घुमट गेलेच. युन्नानमधल्या नागू गावात मे २०२३ मध्ये पोलिसांशी झटापट झाली. त्याच प्रांतातल्या शादियनच्या भव्य मशिदीचे घुमट २०२४ पर्यंत उतरले. त्या गावाने १९७५ साली सैन्याच्या हातून हजाराहून अधिक माणसे गमावली होती. ह्यूमन राइट्स वॉचने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितले की निंगश्या आणि कान्सूत मशिदींचे 'एकत्रीकरण' चालू आहे, म्हणजे दोनतीनच्या जागी एक. आणि ते अरबी, जे निर्यातीला उपयोगी पडले होते? कान्सूतल्याच पिंगलियांगची अरबी शाळा डिसेंबर २०१८ मध्ये बंद करण्यात आली.

इथे आपले सल्लागार म्हणतील, अरबी घुमट बांधलेच कशाला? प्रश्न अगदीच चुकीचा नाही, आणि मी तो टाळणार नाही. १९८० नंतर कित्येक ठिकाणी हुईंनी स्वतःच लाकडी, चिनी धाटणीच्या जुन्या मशिदी पाडल्या आणि हिरव्या घुमटांच्या सिमेंटच्या मशिदी बांधल्या. जुनी मशीद देवळासारखी दिसते, याची लाज वाटू लागली होती. हे मला आवडत नाही. कोकणात कौलारू, पडवी असलेली साधी मशीद पाडून आखाती पैशांतून संगमरवरी मिनार उभे राहिले, तेही मला आवडत नाही, आणि हे बोलल्यावर जमातीत काय ऐकून घ्यावे लागते हे या वार्षिकाच्या लेखकांना ठाऊक आहे. पण आपल्या मशिदीच्या कुरूपतेवर भांडायचा अधिकार नमाजींचा. बांधलेले घुमट क्रेन लावून उतरवणाऱ्याला वास्तुकलेची काळजी असते, हे कोणी सांगू नये. कारण ज्यांची मशीद आधीपासून चिनी छपराची होती त्यांची सुटका झालेली नाही. त्या छपराखालीही पंधरा वर्षांचा मुलगा सबक घ्यायला जाऊ शकत नाही. लाऊडस्पीकर त्यांचाही गेला. छपराचा आकार हे निमित्त होते. चीनच्या घटनेचे ३६ वे कलम 'सामान्य' धार्मिक व्यवहारांना संरक्षण देते. सगळा डाव त्या 'सामान्य' शब्दात आहे, आणि सामान्य काय ते ठरवताना लिनश्याच्या माणसाला कोणी विचारत नाही.

शिनजियांगची गोष्ट याहून फार भयंकर आहे. २०१७ पासून तिथे छावण्यांत डांबलेल्या उइगूरांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२२ च्या अहवालात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांची शक्यता व्यक्त केली आहे. लिनश्यात तसे घडलेले नाही, आणि दोन्हींची सरमिसळ करणे उइगूरांवर अन्याय होईल. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहा. उइगूरांवर संशय, कारण ते चिनी बोलत नाहीत. हुई पिढ्यान्पिढ्या चिनीच बोलतात, तरी संशय. मग संशयाचे कारण भाषा कशी असेल?

आता टाळ्या वाजवणाऱ्यांकडे वळू. घुमट उतरवतानाच्या चित्रफिती आपल्याकडे मोबाइलवरून फिरतात, खाली मजकूर असतो की बघा, चीनने यांना कसे सरळ केले. एरवी चिनी फटाक्यांवर बहिष्कार घालणारी हीच माणसे. यांना मुख्य प्रवाहाचे प्रेम असते तर त्यांनी हुईंची बाजू घ्यायला हवी होती, कारण प्रवाहात शिरून दाखवले ते हुईंनीच. दुसरीकडे आपले काही डावे मित्र. इतर देशांतल्या अल्पसंख्याकांबद्दल यांची लेखणी खळखळून वाहते, आणि कान्सूपाशी आली की तिची शाई वाळते.

सगळ्यांत कडू भाग मात्र आपल्याच घरचा आहे. मार्च २०१९ मध्ये अबुधाबीला इस्लामी देशांच्या संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी चीन आपल्या मुसलमान नागरिकांची काळजी घेतो म्हणून त्याची प्रशंसा केली. जुलै २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनच्या शिनजियांग धोरणाला पाठिंबा देणारे पत्र ३७ देशांनी दिले. त्यात सौदी अरेबिया होता, पाकिस्तानही होता. लिनश्याच्या मशिदींचे घुमट अरबी म्हणून उतरत होते, त्यांच्यावर 'सौदीकरणा'चा आरोप होता, आणि खुद्द सौदी सरकार घुमट उतरवणाऱ्याच्या पंगतीला बसले होते. उम्मतच्या नावाने आपल्या चौकाचौकांत सभा होतात. या प्रस्तावाबद्दल त्या सभांतून मी अवाक्षर ऐकलेले नाही. ज्यांच्या घुमटांची नक्कल करण्यासाठी आपण आपल्या जुन्या मशिदी पाडतो, त्यांचा भाव एवढा आहे.

आपल्यातला आणखी एक जण आता बोलेल, आणि त्याचेच बोलणे मला जास्त धोक्याचे वाटते. तो म्हणेल, बघितलेत? चिनी बोलून हुईंना काय मिळाले? मग आम्ही मराठीचा हट्ट का धरायचा? मुलांना उर्दूत घालावे, आपण आपले वेगळे राहावे. या माणसाने आणि त्या सल्लागाराने भाषेचा अर्थ एकच धरला आहे. भाषा म्हणजे राहण्याचे भाडे. एक म्हणतो भरा, दुसरा म्हणतो भरूनही घरातून काढतात तर कशाला भरायचे. श्याओचिंगमध्ये नवऱ्याला पत्र लिहिणाऱ्या बाईने कोणाला भाडे भरले नव्हते. सतराव्या-अठराव्या शतकात ल्यू चर यांनी नानचिंगमध्ये बसून चिनी भाषेत पैगंबरांचे चरित्र लिहिले ते दरबाराच्या दाखल्यासाठी नव्हे. त्यांच्या वाचकांना दुसरी भाषाच येत नव्हती.

आणि हे लिहिणे थांबलेलेही नाही. बीजिंगच्या जेड कोरणाऱ्या एका मुसलमान कुटुंबावर हुओ दा या हुई लेखिकेने 'मुसलमानाचा अंत्यविधी' ही कादंबरी लिहिली, १९८८ साली. तिला माओ तुन पारितोषिक मिळाले, जे चीनमध्ये कादंबरीसाठी सर्वोच्च मानतात. चांग छंगचर यांनी १९९१ साली 'आत्म्याचा इतिहास' मध्ये जहरी सिलसिल्याच्या दोनशे वर्षांच्या छळाची कहाणी मांडली. चिनीकरणाच्या मोहिमेवर उघड लिहिणारे जिनानचे हुई कवी त्सुई हाओशिन यांना जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी पकडले. त्यांच्या कविता चिनीतच आहेत. पोलिसांना त्या वाचायला दुभाषा लागला नसेल.

निंगश्याच्या कोरड्या डोंगरातल्या शी शूछिंग यांची 'स्वच्छ पाण्यातला सुरा' ही एक लहानशी कथा आहे. म्हाताऱ्याची बायको वारली आहे. तिच्या चाळिसाव्याला घरातला म्हातारा बैल कापायचे मुलगा ठरवतो. दिवस जवळ येतो तसा बैल चारापाणी सोडतो, आणि म्हाताऱ्याला उमगते की बैलाला पाण्यात आपला सुरा दिसला आहे, आपली वेळ त्याला कळली आहे. मग म्हातारा बैलाकडे बघत विचार करतो की माणसाला मात्र हे का कळू नये. या कथेला २००१ साली लू शून पारितोषिक मिळाले, आणि २०१६ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. ती चिनीत लिहिलेली आहे, कारण ती ज्या घरात घडते तिथे बैलाशी, पोराबाळांशी आणि हात उचलून मागताना हुदाशीही चिनीतच बोलतात.